पूर्व चांद्याचे भूमिविभाग आणि दप्तरांतील ‘पडीत’

महाराष्ट्राचे नैसर्गिक विभाग सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. कोंकण, घाटमाथा, मावळ, देश, खानदेश, वऱ्हाड अशीं नांवें घेत लेखक नागपुरास पोंचतो, आणि तेथून पुढें वैनगंगेपलीकडे जो विस्तीर्ण प्रदेश उरतो त्याची ‘दाट जंगल, विरळ वस्ती’ एवढ्या चार शब्दांत बोळवण करितो. शालेय पुस्तकांतून हीच चार शब्दांची मिळकत पिढ्यान्‌पिढ्या वांटली जात आली आहे. प्रस्तुत लेखांत त्या प्रदेशाचा, विशेषतः एटापल्ली व तिच्या भोंवतालच्या रानाचा, भूमीच्या उपयोगाच्या दृष्टीनें विचार करावयाचा आहे. विषय कोणास रूक्ष वाटेल. परंतु दप्तरांतील ‘पडीत’ हा एक शब्द नको त्या जमिनीस चिकटल्यामुळें गांवेंच्या गांवें आपल्या रानास पारखीं झालीं, आणि तें रान परत मागतांना जुन्या कागदांचा पुरावा आज कायद्यानें ग्राह्य धरला आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं मोडी कागदांचे रुमाल आहेत अशा वाचकांचा या विषयाशीं निकटचा संबंध येतो.

जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला. त्याचें क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश भाग वन म्हणून नोंदलेला आहे. या जुन्या जिल्ह्यांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेल्यास भूमीचा स्वभाव तीनदां पालटतो. वरोऱ्याकडील काळी जमीन ही दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकाची पूर्वेकडील शेवटची पायरी होय. तेथें कापूस, ज्वारी, जवस होतें व तेथील कुणबी देशावरच्या शेतकऱ्यास परका वाटत नाहीं. पुढें वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाचा मुलूख लागतो, ज्यास लोक झाडीपट्टी म्हणतात. आणि गडचिरोली-चामोर्शी मागें टाकून आग्नेयीस चढूं लागलें म्हणजे तलाव विरळ होत जातात, पट्टिताश्म व ग्रॅनाइट यांचे डोंगर दुतर्फा उभे राहतात, आणि आलापल्लीचें सागवान ओलांडून आपण एटापल्लीच्या रानांत शिरतों. येथील बांडिया नदी इंद्रावतीस व इंद्रावती गोदावरीस मिळते. ईशान्येस सूरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटांत लोहखनिज आहे व माथ्यावर ठाकूरदेवाचें ठाणें आहे.

पहिल्या विभागाविषयीं येथें अधिक लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. दुसऱ्याविषयीं मात्र थोडें लिहिलें पाहिजे, कारण चांद्याच्या राज्यकर्त्यांच्या मनांत ‘जमीन’ या शब्दाचा जो अर्थ ठसला तो या धानपट्टींत घडला आहे.

धानपट्टींतील शेत हें मनुष्यानें केलेलें आहे. उतारावर बांध घालून पाणी अडविलें म्हणजे ‘बांधी’ होते. घराजवळच्या लहान तळ्यास ‘बोडी’ म्हणतात व गांवास पुरणाऱ्या मोठ्या पाळीच्या जलाशयास ‘तलाव’. बीं फेंकून पेरलेलें धान तें ‘आवत्या’, पऱ्हे उपटून लावलेलें तें ‘रोवणा’. कन्हार, मोरंड, खर्डी, बर्डी अशीं मातीचीं नांवें पाटवाऱ्याच्या तोंडीं होतीं, व त्या नांवांवर आकारणी चढत-उतरत असे. तलाव बांधण्याच्या विद्येंत कोहळी जातीचें कौशल्य प्रसिद्ध असून, गोंड राजांनीं त्यांना काशीकडून आणविलें अशी त्यांच्यांत परंपरा आहे. चांद्याचा गोंड राजा हिरशहा यानें, जो रान तोडून गांव वसवील त्यास तो गांव व जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन दिली, अशी आख्यायिका १८६९ च्या सुमारास मेजर ल्यूसी स्मिथ यानें चांद्याच्या जमाबंदीचें काम करितांना टिपून ठेविली आहे. ही आख्यायिका अक्षरशः खरी मानण्याची आवश्यकता नाहीं. निरनिराळ्या काळांतील अनेक दानें एका राजाच्या नांवावर जमा करण्याची लोकस्मृतीची संवय संशोधकांस परिचित आहे. परंतु तींतील कल्पना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रान ही राज्याची न वापरलेली ठेव; तें तोडून पाणी अडविलें कीं त्याची जमीन होते; आणि ती जमीन नेहमींकरितां एकाच जागीं राहते, मोजतां येते, वारसास देतां येते. भोसल्यांनीं १७५१ त चांद्याचें राज्य घेतलें तेव्हां ही कल्पना त्यांस आयतीच मिळाली. नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झाल्यावर आलेल्या इंग्रज जमाबंदी अधिकाऱ्यांनीं तिला नियमांचें व नकाशांचें रूप दिलें, इतकेंच.

आतां तिसऱ्या विभागाकडे वळूं. ‘पल्ली’ हा प्रत्यय येथें पावलोपावलीं भेटतो: एटापल्ली, आलापल्ली, मोलमपल्ली. संस्कृत कोशांत ‘पल्ली’ याचा अर्थ लहान गांव, त्यांतूनहि अरण्यवासी लोकांची वसति, असा मिळतो. तेलुगूंत ‘पल्लि’ म्हणजे साधें खेडें. कथावाङ्मयांतील शबरांच्या पल्ल्या आठवून येथें कोणी रम्य तर्क करील, तर त्यानें तो मोह आवरावा. शब्द मूळचा द्राविडी दिसतो, व तो संस्कृतांत गेला तेव्हां त्याच्या अंगावर अरण्याचा रंग चढला. बाहेरच्याच्या शब्दांत येथील वस्तीचें वर्णन कसें पालटतें याचें हें एक लहानसें उदाहरण आहे. मोठें उदाहरण पुढें येतच आहे.

येथील माडिया गोंडांच्या जुन्या शेतीस ‘पेंडा’ असें नांव डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या बस्तरच्या माडियांवरील १९३८ च्या ग्रंथांत दिलें आहे. मध्य प्रांतांत इतरत्र तिलाच दाही किंवा बेवर म्हणत. कोंकणांतील वाचकांस ‘दळी’ वा ‘कुमरी’ हीं नांवें ठाऊक असतील. प्रकार सर्वत्र सारखाच. उतारावरील रान हिंवाळ्यांत तोडावयाचें, उन्हाळ्यांत वाळलें कीं जाळावयाचें, पावसाच्या आरंभीं राखेंत कोसरी, मका अशीं धान्यें टोंचावयाचीं किंवा फेंकावयाचीं. दोन-तीन पिकें निघालीं कीं तो उतार सोडून दुसरा धरावयाचा व पहिल्यावर पुन्हां झाडोरा माजेपर्यंत तिकडे कुऱ्हाड न्यावयाची नाहीं. मोह, तेंदू, चार अशीं फळझाडें तोडींतून वगळलीं जात. सोडलेला उतार निरुपयोगी होत नसे. त्यावर आधीं गवत येई, मग बांबू. कंद, पानें, शिकार हीं तेथूनच मिळत. म्हणजे ज्या उतारावर आज पीक नाहीं तोहि गांवाच्या पोटापाण्याच्या हिशेबांत धरलेलाच होता, आणि त्याची पाळी कधीं येणार हें गांवास ठाऊक होतें.

या हिशेबास लेखी वही नव्हती, पण व्यवस्था होती. गांवाची शींव ओढे, टेकड्या व देवांचीं ठाणीं यांनीं ठरलेली. तिचा जाणता तो भूमिया किंवा गायता, आणि देवकार्याचा अधिकारी तो पेरमा. नवें फळ, नवें धान्य ‘पंडुम’ झाल्यावांचून खावयाचें नाहीं असा निर्बंध. आंब्याचा पंडुम होण्यापूर्वीं कैरीस हात लावावयाचा नाहीं. एकेका गांवाच्या वर अनेक गांवांचा मिळून इलाका, जसा सूरजागडचा. हें सर्व वर्णन करितांना फिरत्या शेतीचा पोवाडा गाण्याचा माझा हेतु नाहीं. वणवा शींव ओळखीत नाहीं, आणि वस्ती दाटूं लागली कीं पाळी आंखूड होऊन डोंगर उघडा पडतो, ही वनाधिकाऱ्यांची तक्रार निराधार नव्हती. आज तर तालुक्यांत बांधींतील धान हेंच मुख्य पीक असून पेंडा मागें पडला आहे. प्रश्न त्या पद्धतीच्या गुणदोषांचा नसून नोंदीचा आहे. नांगराचें शेत जागेवर राहतें, म्हणून एका वर्षाच्या पाहणींत तें नकाशावर उतरतें. पेंड्याचें शेत दहा-पंधरा उतारांवर मिळून एक असतें, व तें पुरें दिसावयास तितकीं वर्षें पाहत बसावें लागतें. एका हंगामांत येऊन गेलेल्या मोजणीदारास एक जळका उतार दिसला असेल. बाकीचे त्यानें ‘पडीत’ किंवा ‘जंगल’ या सदरांत टाकले असतील, तर त्याच्या खात्याच्या रीतीप्रमाणें तें बरोबरच होतें.

प्राचीन दण्डनीतीस ही अडचण अगदींच अपरिचित नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत ‘भूमिच्छिद्रविधान’ नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. जी भूमि नांगराखालीं येत नाहीं तिचें काय करावें हा त्याचा विषय. आणि उत्तर असें कीं ती भूमि रिकामी नव्हे. तिच्यावर गुरांची चराई आहे, तपस्व्यांचीं वनें आहेत, मृगवन आहे, लांकूड-वेळू-वल्कलें देणारें द्रव्यवन आहे, राज्याच्या सीमेवर हत्तींचें वन आहे. पुढें ताम्रपटांतून ‘भूमिच्छिद्रन्याय’ हा शब्द दानाच्या अटींत येत राहतो. चांद्याच्या पूर्वेकडील रानास हत्तीवनाची ही व्याख्या चांगली लागू पडते. कुलोत्तुंग चोळाच्या लेखांत वयिरागरम् येथें हत्ती धरल्याचा व चक्रकोट्टाच्या राजाकडून खंडणी घेतल्याचा उल्लेख असून, त्यांतील पहिलें स्थान म्हणजे आपलें वैरागड असें विद्वान् मानतात. तथापि अर्थशास्त्राचा दृष्टिकोण कोशागाराचा आहे, हें विसरतां नये. त्यांत वनाची मोजदाद आहे, वनपालांची नेमणूक आहे. वनांत राहणाऱ्याच्या पाळीची मोजदाद नाहीं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखांतील अटवीस दिलेला इशारा, किंवा समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील प्रशस्तींतील आटविक राजांचा उल्लेख, हेहि बाहेरूनच केलेले आहेत. आटविकांचें स्वतःचें दप्तर आम्हांस कोठें मिळावयाचें?

इंग्रजी अमलांत काय झालें तें आतां पाहूं. १८६१ त मध्य प्रांत निर्माण झाला व दुसऱ्याच वर्षीं रिचर्ड टेंपल त्याचा चीफ कमिशनर झाला. १८६० नंतरच्या जमाबंदींत खालशांतील गांवांस मालगुजार नेमून त्यांना मालकी देण्यांत आली. गांवाच्या लागवडीच्या ठराविक पटीइतकें रान गांवाकडे ठेवून उरलेलें ‘जादा पडीत’ सरकारी वन ठरलें. लागवडीवरून रान मोजण्याचा हा नियम धानपट्टींत कसाबसा चालतो. जेथें लागवड म्हणजे यंदाचा एक उतार व रान म्हणजे पुढील पंधरा वर्षांची लागवड, तेथें त्याला अर्थच राहत नाहीं.

पूर्वेकडे मात्र जमीनदाऱ्या होत्या व त्यांस हा नियम लागला नाहीं. त्यांत अहेरी सर्वांत मोठी, अडीच हजार चौरस मैलांहून अधिक विस्ताराची. १८५८ च्या उठावांत मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके लढला, व त्यास २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी देण्यांत आलें. त्यास धरून देण्यांत अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचें साह्य झालें, व व्यंकटरावाच्या जप्त झालेल्या अडपल्ली-घोटकडील मुलखाची त्यांना बक्षिसी मिळाली. या प्रसंगाची राजकीय बाजू बहुश्रुत आहे. भूमीच्या इतिहासांत त्याचें महत्त्व असें कीं, रानासह सर्व मुलूख जमीनदाराच्या मालकीचा, ही समजूत त्यानें घट्ट झाली. भूमियाचें नांव कोणत्याहि सनदेंत आलें नाहीं, कारण सनद ज्यास द्यावयाची तो खंडणी भरणारा असावा लागतो.

दरम्यान दक्षिणेस सिरोंचाचा मुलूख निजामाकडून १८६० त इंग्रजांकडे आला. त्याचा अपर गोदावरी नांवाचा जिल्हा करण्यांत आला व तो १८७४ त चांद्यांत मिळविण्यांत आला. वर्धा-प्राणहिता-गोदावरी या मार्गानें कापूस समुद्रास नेण्याची नौकानयनाची मोठी योजना त्या दिवसांत हातीं घेतली होती व १८७१ त ती सोडून द्यावी लागली. नद्यांचा हा नाद सुटला, सागवानाचा सुटला नाहीं. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनीं राखीव रानें आंखलीं गेलीं व त्यांत दाही बंद झाली. आलापल्लीच्या सागाची कीर्ति याच काळापासूनची. तेथील जुन्या झाडांचा सहा हेक्टरांचा एक तुकडा ‘वैभव आलापल्ली’ या नांवानें राखला असून २०१४ त त्यास जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. ज्या रानांत ‘विरळ वस्ती’ शेंकडों वर्षें राहून असे साग उरले त्या वस्तीस त्या मानांत कांहीं वांटा आहे किंवा काय, याचा विचार वाचकांनींच करावा. इंद्रावतीपलीकडे बस्तरांत राखीव वनांचा जाच हें १९१० च्या ‘भूमकाल’ नामक उठावाचें एक प्रमुख कारण होतें. मंडल्याकडे बैगांच्या बेवरावर कुऱ्हाडीमागें कर घेत, व १८९० त त्यांच्याकरितां एक ‘चक’ राखून बाकीचें रान बंद केलें. कुऱ्हाड हें माप मला अर्थपूर्ण वाटतें. एकरांत न मावणारी शेती मोजण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता, परंतु त्यानें माणूस मोजला गेला, भूमि नाहीं.

जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या ३१ मार्च १९५१ रोजीं मध्य प्रदेशच्या मालकीहक्क-निर्मूलनाच्या कायद्यानें संपल्या व त्यांचें रान सरकारजमा झालें. भूमियाच्या रानाचा मालक जमीनदार ठरला तो एकदां, आणि जमीनदाराचें तें रान सरकारकडे गेलें तें दुसऱ्यांदां. दोन्ही व्यवहारांत भूमियास विचारण्याचा प्रसंगच आला नाहीं. सरपण, चराई, बांबू, मोह यांचे जे हक्क गांवकरी पूर्वापार भोगीत त्यांना ‘निस्तार’ म्हणत. विदर्भ १९५६ त मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आल्यावर १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत निस्तारपत्रकास १६१ वें व वाजिब-उल-अर्जास १६५ वें कलम मिळालें. पण कलम असणें निराळें व गांवाच्या हातीं पत्रक असणें निराळें.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें या प्रकरणास नवें वळण दिलें, आणि येथेंच आपल्यासारख्यांचा संबंध येतो. त्या कायद्याच्या नियमांतील तेराव्या नियमांत दाव्याचे पुरावे सांगितले आहेत. त्यांत वृद्धांच्या जबानीबरोबर गॅझेटियर, जनगणना, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनचौकशीचे कागद, हक्कनोंदी हीं सर्व येतात. ज्या दप्तरानें रान ‘पडीत’ ठरविलें तेंच आतां साक्षीस बोलाविलें जातें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ त सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, व पुढें जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गांवांचे असे हक्क मान्य झाले. एटापल्लीकडे प्रश्न अधिक बिकट आहे. सूरजागडावर २००७ त लोहखनिजाकरितां ३४८.०९ हेक्टरांचा पट्टा देण्यांत आला व आज तेथें खाण चालूं आहे. डोंगराचा एक उपयोग सरकारी नकाशांत ठळक उतरला आहे, दुसरा ठाकूरदेवाच्या जत्रेस येणाऱ्या इलाक्याच्या स्मरणांत आहे. लेखी साधनांच्या बाबतींत हीं दोन पारडीं समान नाहींत, व तीं थोडीं तरी सारखीं करणें हें संशोधकाच्या आवांक्यांतील काम आहे.

याकरितां कोणते कागद पाहावे? ल्यूसी स्मिथचा अहवाल व १९०९ चें बेग्बी-नेल्सन यांचें गॅझेटियर छापील आहे. तें कोणासहि मिळेल. न छापलेले कागद मात्र खासगी घरांत आहेत. आमच्या संग्राहकांची दृष्टि आजवर लढाया, तह व देवस्थानांच्या सनदा यांवर खिळलेली असल्यामुळें जमीनदारी कारकुनांचे व ठेकेदारांचे रुमाल ‘हिशेबी’ म्हणून बाजूस पडत आले. असा एक रुमाल किराणा बांधण्याच्या कामीं लागलेला मीं स्वतः पाहिला आहे. गांव ठेक्यानें दिल्याचे पट्टे, लाख, हिरडा व मोह यांचे मक्ते, दोन गांवांमधील शिंवेचे तंटे, नांगरांवर बसविलेल्या पट्टीच्या याद्या, गांवकऱ्यांना सरपणाची मोकळीक दिल्याचीं पत्रें, हीं त्यांत सांपडतात. मोहाचा मक्ता वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्यांत कोणत्या गांवचे लोक कोणत्या टेकडीवर मोह वेंचीत हें आलें असेल, तर ती टेकडी त्या वर्षीं पडीत नव्हती हें त्यानें सिद्ध होतें. शिंवेच्या तंट्याचा कागद त्याहून मोलाचा, कारण त्यांत ओढे व खडक नांवानिशीं येतात.

वाचनाविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहींत, शब्दहि एकमेकांस चिकटतात. मराठी नांव असेल तर संदर्भानें लागतें, परंतु गोंडी नांव लिहिणारा कारकून बहुधा नागपूरकडचा असे व त्यानें कानावर पडलें तसें टिपलेलें असे. म्हणून अशा कागदाचें लिप्यंतर एकट्यानें करूं नये. मोडी जाणणारानें अक्षर मोठ्यानें उच्चारावें व त्या इलाक्यांतील एखाद्या वृद्ध माडिया गृहस्थानें नांव ओळखावें. दोघांचें जुळलें तरच तें नकाशावर चढवावें. न जुळल्यास मूळ अक्षरें जशींच्या तशीं नागरींत देऊन शेजारीं प्रश्नचिन्ह घालावें.